पाहुणीचा ड्रेस

त्या दिवशी दुपारी मी एका ब्लाउजला हुक लावत बसले होते. अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी धुळ्याहून बोलतेय, देवपुरातून," पलीकडची बाई म्हणाली. मग जरा थांबून तिनं आपल्या नवऱ्याचं आडनाव सांगितलं. माझ्या हातातली सुई तशीच राहिली. ते आडनाव एके काळी माझ्या मोठ्या बहिणीचं होतं.

"मुलीचं लग्न ठरलंय. तुमच्या अक्कांना घेऊन या. ह्यांना विचारूनच बोलतेय मी. पत्रिका मोबाइलवर पाठवते."

मी विचारलं, "मुलीला माहीत आहे?"

"आहे. दहावीचा फॉर्म भरताना जन्माच्या दाखल्यावर तिनं आईचं नाव वाचलं. तेव्हा मी सगळं सांगितलं. नंतर तिनं कधी विषय काढला नाही, मग मीही काढला नाही." तिनं आवाज खाली आणला. "फक्त एक आहे, ताई. मुलाकडच्यांना आम्ही काही बोललेलो नाही. तर पाहुण्या म्हणून या. राग मानू नका."

राग मानायचा मला काय अधिकार होता?

अक्का माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. तिचं लग्न धुळ्याला झालं तेव्हा मी शाळेत होते. काही वर्षांनी एका सकाळी ती अडीच वर्षांची मुलगी कडेवर घेऊन यावलला माहेरी आली, ती परत न जाण्यासाठीच. नवरा पितो, मारतो, एवढं आम्हाला कळलं. त्यापुढचं कोणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आबा आणि माय केळीच्या बागांत कामाला जायचे. अक्काही जायला लागली. पोरगी दिवसभर माझ्याजवळ असायची. तिला मावशी म्हणता यायचं नाही, 'माची' म्हणायची.

सहा महिन्यांनी मला जळगावचं स्थळ आलं. माणसं वाईट नव्हती. पण त्यांच्यातल्या एका मोठ्या माणसानं आबांना बाजूला घेऊन विचारलं, घरात माघारी आलेली मुलगी, वर तिचं लेकरू, उद्या हा भार जावयावर तर येणार नाही? आबा घरी येऊन भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, पोरीला थोडे दिवस तिच्या बापाकडे ठेवू, लग्न पार पडलं की घेऊन येऊ. अक्का चुलीपुढे भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. आबांनी तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

ती बोलायच्या आधी मीच बोलले. "थोड्या दिवसांचाच तर प्रश्न आहे, अक्का."

मी एकोणीस वर्षांची होते. मला ते स्थळ हवं होतं. केळीच्या पानांचा चीक धुऊनही न निघणाऱ्या हातांचा मला कंटाळा आला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आबांबरोबर धुळ्याला मीच गेले, कारण अक्काच्यानं जाववेना. पोरगी पारोळ्यापर्यंत एसटीच्या खिडकीतून बैल, ट्रॅक्टर, जे दिसेल ते मोठ्यानं सांगत होती. मग माझ्या मांडीवर झोपली. झोपेतच मी तिला तिच्या आजीच्या हातात दिलं. परतीच्या गाडीत आबा दोनदा म्हणाले, "झोपलेली होती, रडली नाही, बरं झालं."

माझं लग्न झालं. पंधरा दिवसांनी आबा पोरीला आणायला गेले तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. आमचं रक्त आहे, आमच्याकडेच राहील, म्हणाले. आबांनी तीन खेपा केल्या. कोर्टाचं नाव काढायची त्यांची छाती नव्हती. वर्षभरात सोडचिठ्ठीचे कागद आले, अक्कानं सही केली आणि तिकडे दुसरं लग्न झालं. दुसरी बायको चांगली निघाली. तिच्यामुळे त्याची दारू सुटली, असं कानावर आलं. पोरगी तिलाच आई म्हणत वाढली. इकडे माय गेली, आबा गेले. अक्कानं बाहेरून परीक्षा दिल्या आणि अंगणवाडीत सेविका म्हणून लागली. ती यावलच्या त्याच दोन खोल्यांत एकटी राहते.

चोवीस वर्षांत त्या गोष्टीवर आम्ही दोघी एक शब्द बोललो नव्हतो. आणि या चोवीस वर्षांत तिनं माझ्याकडून कधी काही शिवूनही घेतलं नव्हतं. वीस वर्षं मी मशीनवर बसतेय, अर्ध्या गल्लीचे कपडे माझ्या हातचे आहेत, पण अक्काचे ब्लाउज यावलच्या एका बाईकडे. मी विषय काढला की म्हणायची, "तुले कशाला त्रास."

पत्रिका आल्यावर मी तिला फोन केला. सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "रविवारी येते. मले एक ड्रेस शिवून दे."

रविवारी ती आली. मी म्हटलं, "ड्रेस कशाला, अक्का? तू साडीच नेस. चांगली घेऊ एक."

"साडी नको. साडी नेसली की मी तिची आई दिसेन. मले पाहुणी दिसायचंय."

बसची वेळ सांगावी तशा सुरात तिनं हे म्हटलं.

आम्ही बाजारात गेलो. आमच्या बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या साडीत असणार, म्हणून पांढऱ्याच्या जवळचं काही नको. लाल नको, ते घरच्या बायकांचं. दुकानदारानं तागे उलगडत विचारलं, "लग्न कोणाचं आहे, ताई?"

"ओळखीतल्या मुलीचं," अक्का म्हणाली आणि कापडावरून हात फिरवत राहिली. शेवटी वांगी रंगाचं चंदेरी घेतलं. कापड पातळ असल्यानं आतून अस्तर लावावं लागणार होतं. दुकानातून निघताना तिनं ते पिशवीत न टाकता हातातच धरलं.

घरी आल्यावर मी टेप काढली. बाईच्या अंगाचं माप घ्यायचं तर तिच्या इतक्या जवळ जावं लागतं की तिचा श्वास आपल्याला लागतो. छातीचं माप घेताना दोन्ही हात तिच्या पाठीमागे न्यावे लागतात. परक्या बायकांची मापं मी रोज घेते, त्याचं काही वाटत नाही. अक्काला मात्र मी इतक्या वर्षांत एवढ्या जवळून हात लावला नव्हता. ती हात थोडे वर धरून समोरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिली.

खांदा मोजताना टेप तिरकी जायला लागली. मी पुन्हा धरली, तरी तेच. मग लक्षात आलं, तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा जवळजवळ बोटभर खाली होता. गळ्याजवळच्या हाडावर बोट ठेवलं तर मध्ये एक उंचवटा लागला, सुपारीएवढा.

"हे काय आहे, अक्का?"

"हाड मोडलं होतं. बसलं तसंच."

"कधी?"

"तिकडे असताना."

"दवाखान्यात नेलं नाही?"

"मोडलं त्यांच्याच हातानं. दवाखान्यात काय सांगणार होते ते?"

मी टेप खाली घेतली. "तू कधी बोलली नाहीस."

"तू शाळेत होतीस," ती म्हणाली. "घे लवकर माप. चारची गाडी आहे मले."

मी आकडे वहीत लिहिले. उजवा खांदा वेगळा, डावा वेगळा. लिहिताना माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. ज्या घरात हिचं हाड मोडलं, त्याच घरात मी तिचं झोपलेलं लेकरू नेऊन दिलं होतं.

एका ड्रेसला एक ट्रायल पुरते. मी अक्काला तीन रविवार बोलावलं. पहिल्या वेळी नुसता अस्तराचा सांगाडा कच्च्या टाक्यांनी जोडून दाखवला. दुसऱ्या वेळी बाह्या लावायच्या आहेत म्हणाले. तिसऱ्या वेळी खालचा घेर. तिला कळत असावं, पण ती येत राहिली. यावलहून निघताना केळी आणायची. मी मशीनवर बसायचे, ती पलीकडे लसूण सोलत, तूर निवडत बसायची. अंगणवाडीतल्या कुठल्या मुलाचं वजन वाढत नाही, कुठल्या पोरीची आई फैजपूरला कामाला जाते म्हणून पोरगी संध्याकाळपर्यंत हिच्याच घरी असते, असलं बोलायची. माझा नवरा म्हणाला, "बहिणी बहिणी खूप दिवसांनी बोलताय." मला त्या रविवारांची इतकी सवय झाली की ड्रेस पुरा होऊ नये असं वाटायचं.

डाव्या खांद्यासाठी मी अस्तराच्या आत कापसाची पातळ घडी घातली. एकदा घातली तर फुगल्यासारखी दिसली. उसवून कमी केली. तरी बाही ओढली जात होती. मग बाही जोडतात तो मुंढा थोडा खोल कापला. दुसऱ्यांदा उसवताना चंदेरीला सुईची भोकं पडली, ती आत दाबून पुन्हा शिवलं. शेवटी दोन्ही खांदे एका रेषेत आले. आरशासमोर उभी राहून अक्कानं डावा हात वरखाली करून पाहिला.

"सरळ दिसतो," ती म्हणाली.

मी तिच्या पायाशी बसून खालच्या काठाला टाचण्या लावत होते. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, म्हणून धीर आला. म्हटलं, "अक्का, तेव्हा मी तसं बोलले नसते तर..."

"टाचण्या लाव," ती म्हणाली.

"मला खरंच वाटलं होतं की थोड्या दिवसांत..."

"काठ वाकडा होईल. गप लाव."

मी गप्प लावल्या.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळपासून ती माझ्याकडे होती. सकाळी ड्रेस घालून, ओढणी घेऊन ती बाहेर आली तेव्हा माझा नवरा पेपरातून डोकं काढून म्हणाला, "अक्का, ओळखूच येत नाही तुम्ही." तिला ते आवडलं. एसटीत बसताना तिनं मागचा घेर सारखा केला, ओढणीची घडी करून मांडीवर ठेवली आणि धुळ्यापर्यंत पाठ न टेकता बसून राहिली. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी चहाला उतरू म्हटलं. तिनं मान हलवली. मीही उतरले नाही.

कार्यालय देवपुरातच होतं. दारात मुलीचा बाप पाहुण्यांना हात जोडत उभा होता. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. त्यानं अक्काकडे पाहिलं, हात जोडलेलेच ठेवले आणि नजर आमच्या मागून येणाऱ्यांकडे नेली. आम्ही आत जाऊन मधल्या रांगेत बसलो.

शेजारी एक म्हातारे नाना बसले होते, खास धुळ्याच्या बोलीत बोलणारे. पाच मिनिटांत त्यांनी सगळ्या रांगेची चौकशी केली. मग आमच्याकडे वळले. "कोनाकडना शेतस तुम्ही?"

"मुलीकडचे," अक्का म्हणाली.

"आसं का! पोरनी कोन लागतस?"

अक्कानं तोंड उघडलं होतं. पण मी घाबरले. नानांच्या पलीकडे बसलेल्या बायका मुलाकडच्या होत्या आणि त्या आमच्याकडे बघत होत्या. मी पटकन म्हणाले, "लांबच्या नात्यातल्या आहोत, नाना. तशी ओळख आहे जुनी."

"बरं बरं. जेवन बठ्ठं तयार शे, जेवीसनच जा," नाना म्हणाले.

अक्कानं तोंड मिटलं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नवरी आली. पांढरी साडी, केसांत मोगरा. मी तिला चोवीस वर्षांनी पाहत होते. चालताना ती थोडी डावीकडे झुकायची, अगदी आमच्या मायसारखी. अक्कालाही ते दिसलं असणार. प्रतिमांपुढे मेणबत्त्या लागल्या. त्रिशरण, पंचशील झालं, सगळ्यांबरोबर अक्काचेही ओठ हलत होते. दोघांनी शपथा घेतल्या. नवरीचा आवाज मोठा आणि स्वच्छ होता, अडखळला नाही. आम्ही हातातल्या पाकळ्या टाकल्या, त्या पुढच्या दोन रांगांपलीकडे गेल्या नाहीत.

मग माइकवर पुकारलं, "मुलीच्या आईवडिलांनी मंचावर यावं."

अक्का माझ्या डाव्या हाताला बसली होती. तिचा हात खुर्चीच्या दांडीवर गेला आणि तिचं अंग खुर्चीवरून जरासं, अगदी चार बोटं, वर उचललं गेलं. मग ती खाली बसली. कुणालाच ते दिसलं नाही. पुढून हिरव्या पैठणीतली बाई मंचावर चढत होती, एका हातानं निऱ्या सावरत, दुसऱ्या हातानं डोळे पुसत. तिचं रडणं खरं होतं. चोवीस वर्षं ताप, शाळा, डबे, सगळं तिनंच केलं होतं. मला तिचा राग येईना आणि येत नाही म्हणून स्वतःचाच राग आला.

भेटायच्या रांगेत आम्ही उभ्या राहिलो. नंबर आला तशी नवरी आधी माझ्याकडे बघून हसली. मग तिनं अक्काकडे पाहिलं. तिनं ओळखलं. फोटो पाहिला असेल कुठे, की आईनं सांगून ठेवलं असेल, ते मला माहीत नाही, पण तिचं हसणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं, त्यावरून मला कळलं.

"प्रवास बरा झाला?" तिनं विचारलं.

"झाला," अक्का म्हणाली.

नवरी वाकून पाया पडली. उठताना तिनं अक्काच्या बाहीचं कापड दोन बोटांत धरलं. "छान आहे ड्रेस. कोणी शिवला?"

"माझ्या बहिणीनं."

"छान बसलाय," ती म्हणाली. तिची बोटं अजून बाहीवरच होती. फोटोवाला म्हणाला, "इकडे बघा." मी बघितलं. मागचे लोक पुढे सरकले. तिनं बाही सोडली आणि म्हणाली, "जेवून जा हं नक्की."

अक्का म्हणाली, "हो. सुखी रहा."

एवढंच बोलणं झालं. अक्का व्यवस्थित जेवली.

बसस्टँडवर जळगावच्या गाडीला वेळ होता. बाकावर ऊन येत होतं, ती सावलीत सरकली. मी पाण्याची बाटली दिली. म्हटलं, "चांगलं झालं ना सगळं? किती प्रेमानं बोलली तुझ्याशी."

तिनं बाटली हातातच ठेवली. "तू काहून बोललीस मधे?"

"कधी?"

"त्या नानांनी मले विचारलं होतं. तुले नाही."

"अगं, मुलाकडच्या बायका ऐकत होत्या. तू चुकून काही..."

"मी खोटंच बोलणार होते," अक्का म्हणाली. "तिच्या संसारात मी माती कशाला कालवीन? मी खोटंच बोलणार होते. पण ते माझं मले बोलायचं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "आबांनीही तेव्हा मलेच विचारलं होतं. मी नाही म्हणणार होते. भाकर तव्यावर टाकून नाही म्हणणार होते. तेवढ्यात तू बोललीस."

मी रडायला लागले. म्हटलं, "अक्का, मला माफ कर."

"रडू नको. लोक पाहतात." मग म्हणाली, "तुझ्या लग्नापायीच गेली ती. आबा बिचारे गरीब, नवरा तसला, हे मी मनाला खूप सांगितलं. पण तुझ्यापायीच गेली. इतकी वर्षं बोलले नाही, कारण बोलले असते तर मले कोणीच राहिलं नसतं."

गाडी आली. आम्ही शेजारी शेजारी बसलो. यावेळी तिनं पाठ टेकली, डोळे मिटले. मुक्कामाला थांब म्हटलं तरी जळगावला उतरून ती तशीच पुढची यावलची गाडी धरून गेली.

त्यानंतर कुठल्याच रविवारी ती आली नाही की तिचा फोन आला नाही. मी केला तर दोन वाक्यांत संपायचा. जेवलीस का, बरं आहे का, ठेवते. चार महिने असे गेले. नवरी नवऱ्याबरोबर नाशिकला राहायला गेली, हे मला पैठणीवाल्या बाईकडूनच कळलं. तिनं लग्नाचे फोटो पाठवले होते, त्यात आमचा एक होता. नवरा-नवरी मध्ये आणि अक्का कडेला, समोर न बघता बाजूला बघणारी. मी तो अक्काला पुढे पाठवला. तिनं पाहिला, पण उत्तर आलं नाही.

मग मीच यावलला जायला लागले, महिन्यातून एकदा. पहिल्यांदा गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. अंगणवाडी सुटेपर्यंत मी पायरीवर बसले. ती आली, मला पाहून थांबली नाही, कुलूप काढता काढता म्हणाली, "कितीची गाडी होती?" आत जाऊन तिनं भाकरी टाकल्या, वांग्याची भाजी केली, माझं ताट वाढलं. स्वतः दारात बसून खाल्लं. भिंतीवर आबा आणि मायचा फोटो होता, दुसरा कुठलाच नव्हता. ड्रेसचं मी विचारलं नाही.

त्या दिवशी आम्ही सगळं बोललो, शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण, पोषण आहाराची नवी पद्धत, माझा दुखणारा गुडघा. ते सोडून सगळं. दोनदा मला वाटलं, ती काहीतरी म्हणणार आहे. मी थांबले. मधे बोलायचं नाही, एवढं मी आता शिकलेय. पण ती काही म्हणाली नाही.

साडेचार वाजता मी पिशवी उचलली. पूर्वी मी निघाले की ती म्हणायची, राहा ना आजच्या दिवस, सकाळी जा. तिनं तसं म्हटलं नाही. स्टँडपर्यंत सोडायला मात्र आली. गाडी लागेपर्यंत उभी राहिली. गाडी सुटताना तिनं हात वर केला, तो उजवा. आता त्याला सात-आठ महिने झाले. मी जाते, ती वाढते, मी जेवते आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येते. राहा असं ती अजून म्हणालेली नाही.